मिशीपुरते उरलेले दामूआजोबा

१

दामूआजोबा परत आले, साखरपुडा झाला, आणि गुन्हेगाराने पंगतीत दोनदा बासुंदी मागून घेतली.

हे वाक्य चुकून आधी आलं. असं काही झालंच नाही, असं समजून चला. या घडीला दामूआजोबा गायब आहेत, साखरपुडा अडलेला आहे आणि बासुंदी अजून आटतेय.

उमेळ्यात राऊतांच्या वाडीत केळी पिकवायची एक जुनी वखार आहे. तिथे लाल दिव्याखाली अक्षया उभी होती. अंगावर साखरपुड्याची साडी, हातात चिमटा आणि चिमट्यात दामूआजोबांचा फोटो. फोटोत सागवानी खुर्ची होती. खुर्चीला टेकवलेली काळी छत्री होती. खुर्चीच्या वर, माणसाचं तोंड जिथे असायला हवं तिथे, एक भरघोस मिशी हवेत तरंगत होती आणि मिशीच्या वर दोन बुबुळं. बाकी कोरा कागद.

टोपी, सदरा, धोतर, कान, हातपाय, सगळा लवाजमा घेऊन आजोबा निघून गेले होते. जाताना मिशी विसरले होते.

अक्षया किंचाळली.

पहिले धावत आले जितेंद्रमामा. हे नवऱ्यामुलाचे मामा, निवृत्त हवालदार. निवृत्ती कागदावर झाली होती, अंगात उतरली नव्हती. त्यांच्यामागे प्रणव, म्हणजे खुद्द नवरामुलगा. त्याच्यामागे शेजारचा स्टॅनी, प्रणवचा लंगोटीयार, गळ्यात पणजोबा शोभेल असा जुनाट कॅमेरा. आणि सगळ्यात शेवटी सुभद्राआत्या. प्रणवच्या वडिलांची बहीण, दामूआजोबांची मुलगी. तहसील कचेरीत कारकुनी करून निवृत्त झालेली, बिनलग्नाची, आणि आजच्या कार्याचा मुख्य खांब. हातात कुंकवाचं तबक, बांगडीला सेफ्टीपिनांचा घोस.

"कोण गेलं?" आत्यांनी दारातूनच विचारलं.

"दामूआजोबा," अक्षया म्हणाली.

"ते जाऊन तीस वर्षं झाली."

"परत गेले."

सगळे आत आले आणि फोटोभोवती वाकले. मिशी सगळ्यांकडे बघत होती.

तेवढ्यात वखारीवरून आत्माराम राऊत चालले होते. हे प्रणवचे वडील. वखारीचं दार उघडं दिसलं की कडी घालायची, ही त्यांची लहानपणची सवय. केळी पिकायला घातली असताना दार उघडं राहिलं तर अख्खा माल कच्चा राहायचा आणि उघडं ठेवणाऱ्याच्या पाठीत दामूआजोबांची छत्री बसायची. वखारीत केळी ठेवणं बंद होऊन जमाना लोटला, छत्रीचा धाक काही गेला नव्हता. कान मात्र गेले होते.

खट्ट.

२

दाराला आतून कडी नव्हती. केळ्यांना ती कधी लागली नाही. खिडकी नव्हती, झरोका नव्हता. भिंती अशा जाड, की हिरवं केळं आत गेलं की पिवळं होऊनच बाहेर यायचं. म्हणून तर अक्षयाने ही खोली डार्करूमसाठी मागून घेतली होती. विरारच्या फ्लॅटमध्ये आईवडील, भाऊ आणि वॉशिंग मशीन राहत होते. फोटो धुवायला जागा नव्हती.

"फोन कर ना बाबांना," प्रणव स्टॅनीला म्हणाला.

"फोन बाहेर टोपलीत."

"मामा?"

"टोपलीत."

दाराबाहेर अक्षयाने पाटी लावली होती : 'आत उजेड चालत नाही. मोबाइल टोपलीत ठेवा.' तिचा स्वतःचा फोन तिथेच होता, आणि किंकाळी ऐकून धावत येताना चौघांनीही पाटी वाचून फोन टोपलीत टाकले होते. इतक्या शिस्तीच्या माणसांवर संकटं येऊ नयेत, पण येतात.

प्रणवने दारावर बुक्के मारले. बाहेर मांडवात बँजो वाजत होता. बँजोवाल्यांना वाटलं मागे कोणीतरी ठेका धरलाय. त्यांनी लय वाढवली.

वखारीत उकडायला लागलं. टोनर नावाच्या फोटोच्या रसायनाचा अमोनियासारखा दर्प नाकात बसला. लाल उजेडात पाचही चेहरे सारखेच अपराधी दिसत होते.

"मुहूर्ताला कौल लावायचाय," आत्या हळूच म्हणाल्या.

कौल म्हणजे असा. राऊतांच्या घरात दामूआजोबांना विचारल्याशिवाय काही होत नसे. देवघराशेजारच्या भिंतीवर, एका जुन्या खिळ्याला त्यांचा फोटो. फ्रेमच्या डोक्यावर झेंडूचं फूल ठेवायचं. उजवीकडे पडलं तर हो, डावीकडे पडलं तर नाही. बोअर मारायची का, फणस विकायचा का, नवा फ्रिज कुठल्या रंगाचा, सगळं या फुलावर. फोटो एकच. दुसरी प्रत नाही, कारण 'फोटोचा फोटो काढायचा नाही' हा आजोबांचाच हुकूम. हुकूम का दिला हे विचारायला कौल लावला होता. डावीकडे पडलं.

फोटो पिवळा पडत चालला होता. अक्षयाने तो मोठ्या धिटाईने मागून घेतला होता. "सेलेनियमचं पाणी देते. फोटोतली चांदी टिकते. तुमच्या पणतवंडांनाही आजोबा असेच्या असे दिसतील," असं म्हणाली होती. ते सगळ्या भावकीने ऐकलं होतं. आता फोटोशिवाय कौल नाही, कौलाशिवाय साखरपुडा नाही, आणि साखरपुडा मोडला तर 'घरातल्या मूळपुरुषाला धुऊन टाकणारी मुलगी' ही ओळख तिला वसईपासून विरारपर्यंत जन्मभर पुरणार होती.

"सेलेनियम म्हणजे विषच ना?" मामांनी विचारलं.

"प्यायलं तर."

मामांनी फोटोकडे बघितलं. "आजोबा प्यायले असतील."

"ए, सोप्पं आहे रे," स्टॅनी पुढे सरसावला. त्याला जुने कॅमेरे जमवायचा नाद होता आणि त्यातून अर्धवट ज्ञानही जमलं होतं. "हायपो कुठाय, हायपो? हायपोत टाकला की फोटो पक्का होतो. मी वाचलंय." त्याने चिमट्यातून फोटो ओढला आणि कोपऱ्यातल्या ट्रेवर धरला.

अक्षयाने त्याच्या मनगटावर सणकून चिमटा हाणला.

"हात लावलास तर तुलाच बुडवीन त्यात!"

३

"हे संशयास्पद आहे," जितेंद्रमामा म्हणाले. "मदत करणाऱ्या इसमास मारहाण." त्यांनी ट्रेच्या मेजावर बैठक मारली, कुडत्याच्या बाह्या सावरल्या आणि तपास हाती घेतला. त्यांना तो कोणी दिला नव्हता.

"मामा, काय झालंय ते कळेपर्यंत कुठल्याच ट्रेत काही टाकायचं नाही, एवढंच म्हणतेय मी," अक्षया म्हणाली.

"ते आम्ही ठरवू. पोलिसी नियम असा, की किंकाळी ऐकून जे सगळ्यात आधी धावत येतात, त्यांच्यातच गुन्हेगार असतो."

"मग मामा, सगळ्यात आधी तुम्हीच आलात," प्रणव म्हणाला.

"मी ड्युटीवर होतो."

"तू रिटायर झालास, जितू," आत्या म्हणाल्या.

मामांनी हे नोंदवून घेतलं नाही. "काल संध्याकाळी हा फोटो धडधाकट होता?"

"हो," अक्षया म्हणाली. "सेलेनियमच्या टोनरमधून काढला, स्वच्छ धुतला आणि या दोरीवर वाळत घातला. आजोबा पूर्ण होते. आत्यांनीही बघितले."

"बघितले," आत्या म्हणाल्या. "मिशीसकट."

"मी आज आत्ता विरारहून आले. दार उघडलं तर फोटो दोरीवर नाही, या ट्रेतल्या पाण्यात. रात्री वखारीला कुलूप होतं, म्हणजे सकाळी ते निघाल्यावर कोणीतरी इथे आलं होतं."

वखार घराच्या मागे. मागच्या अंगणात आचाऱ्याने दोन भट्ट्या मांडून रस्ताच अडवला होता. पाहुण्यांतलं कोणी तिकडून गेलं असतं तर हातात पुऱ्या लाटायला मिळाल्या असत्या. मागे यायची वाट उरली ती घरातल्यांना, आणि कुंपण ओलांडून स्टॅनीला.

मामांची नजर सावकाश स्टॅनीच्या गळ्यापर्यंत गेली आणि तिथल्या कॅमेऱ्यावर थांबली.

"सकाळी तू कुठे होतास?"

"मघाशी मांडवात सांगितलं की. कॅमेऱ्याच्या मीटरला सेल आणायला गेलो होतो. प्रणव बाइकवर मागे होता."

मामांनी कॅमेरा हातात घेतला. उलटा केला, सुलटा केला, कानाशी धरून हलवला. पुढच्या बाजूला मधमाश्यांच्या पोळ्यासारखी खडबडीत काच होती. त्यांनी तिच्यात आपला चेहरा शोधला.

"यात," ते अत्यंत शांतपणे म्हणाले, "सेल घालायला जागाच नाही."

बाहेर बँजोचा तुकडा संपला. मग दुसरा तुकडा सुरू झाला.

४

"खरंय," अक्षयाला नाइलाजाने सांगावं लागलं. "याचा उजेड मोजायचा मीटर सेलेनियमचा आहे. या काचेमागे सेलेनियमची पट्टी असते. उजेड पडला की ती स्वतःच वीज तयार करते आणि सुई हलते. अंधारात सुई झोपते. याला सेल लागतच नाही, कधीच."

"म्हणजे इसम खोटं बोलला!" मामा उठून उभे राहिले आणि डोकं वरच्या फळीवर आपटलं. "आणि दोन्हीकडे सेलेनियम! फोटोत सेलेनियम, कॅमेऱ्यात सेलेनियम! टोळी आहे ही!"

स्टॅनीने प्रणवकडे बघितलं. प्रणवने छताकडे.

"बोल," प्रणव म्हणाला. "आता काय राहिलंय."

"आत्या," स्टॅनीने कान पकडले, "माफ कर हां. आम्ही स्टेशनाजवळ भुर्जीपाव खायला गेलो होतो."

वखारीत अमोनियापेक्षा उग्र असं काहीतरी पसरलं.

"प्रणव," आत्या म्हणाल्या, "आज संकष्टी आहे. तुला अंगठीपर्यंत उपास आहे."

"अर्धीच प्लेट, आत्या."

"अंडं अर्धं खाल्लं म्हणून कोंबडी अर्धी रडते का रे?"

"भूक लागली होती गं! आणि स्टॅनीच म्हणाला..."

"मी म्हणालो? तू पहाटेपासून 'स्टॅनी, अंडं, स्टॅनी, अंडं' करतोयस!"

"कुठल्या गाडीवर?" मामांनी मध्येच विचारलं.

"ती हिरवी ताडपत्रीवाली."

"कांदा जास्त घालतो तो?"

"तोच."

"मग खरं बोलतायत," मामांनी निकाल दिला. "तो करायला वेळ लावतो." आणि दोघे नवरदेव-मित्र, उपास मोडल्याच्या गुन्ह्यात कायमचे अडकून, फोटोच्या गुन्ह्यातून सुटले.

"आणि तुम्ही, मामा?" अक्षयाने विचारलं.

"मी मांडवात बंदोबस्ताला."

"घोरत होता," आत्या म्हणाल्या. "माइकच्या शेजारी. माइक चालू होता. अख्ख्या उमेळ्याने ऐकलं. गुरुजींना वाटलं बँजोवाले सूर लावतायत."

मामांनी खाकरून घेतलं. मग त्यांनी उरलेल्यांवरून नजर फिरवली. सुभद्राआत्यांवरून ती न थांबता पुढे गेली, कारण देवघराकडे संशयाने बघायची कोणाला सवय नसते. ती अक्षयावर येऊन थांबली.

"म्हणजे सकाळी इथे कोणी आलंच नाही," मामा म्हणाले. "फोटो दोरीवरून आपोआप ट्रेत पडला. आणि कालच्या तुझ्या त्या सेलेनियमने रातोरात आजोबा खाल्ले. मिशी तेवढी पचली नाही. पोरी, दार उघडलं की मांडवात हे मला सांगावं लागेल."

अक्षयाने प्रणवकडे बघितलं. प्रणवने तिच्याकडे बघितलं, मग मिशीकडे. त्याला बोलायचं होतं, पण आजोबांच्या बुबुळांसमोर त्या घरात आजवर कोणी बोललं नव्हतं.

५

अडकलेल्या माणसाला एक सोय असते, त्याला दुसरीकडे बघायला जागा नसते. अक्षया फोटोकडेच बघत राहिली. खुर्ची. छत्री. मिशी. बुबुळं.

खुर्ची, छत्री, मिशी, बुबुळं.

"मामा," ती एकदम म्हणाली, "उरलं काय काय ते सांगा."

"खुर्ची, छत्री, मिशी, डोळे."

"रंग?"

"काळा. सगळं काळं."

"आणि गेलं काय?"

"टोपी, धोतर, सदरा. पांढरं. आणि कातडी. ताईचे सासरे गोरे होते हो," मामा जरा हळवे झाले.

"सेलेनियमची एक खोड असते. ते फोटोतल्या काळ्या भागाला आधी धरतं. मग करड्याला. फिक्याला सगळ्यात शेवटी. काल मी फोटो टोनरमध्ये टाकला आणि अर्ध्यातच आत्यांची हाक आली, बांगड्या भरायला कासार आलाय म्हणून. मी फोटो लगेच काढून धुतला. म्हणजे सेलेनियम कुठवर पोचलं असेल?"

स्टॅनी म्हणाला, "मिशीपर्यंत."

"मिशीपर्यंत! जिथे सेलेनियम पोचलं तेवढंच शिल्लक आहे. जिथे पोचलं नाही, ते गेलं. सेलेनियमने आजोबांना खाल्लं नाही, मामा. खाणारं दुसरंच काहीतरी होतं, आणि सेलेनियमने त्याच्या तोंडातून मिशी वाचवली."

"काय दुसरं?"

"ते या लाल उजेडात दिसणार नाही." तिने भिंतीवरच्या बटणाकडे हात नेला.

चौघे एकदम ओरडले. पांढरा दिवा लावू नको, उरलेली मिशीही जाईल, निदान खुर्ची तरी राहू दे, असं सगळं एकाच वेळी.

"धुतलेल्या फोटोला दिव्याची भीती नसते," अक्षया म्हणाली. "भीती दुसऱ्याला आहे."

ट्यूबलाइट दोनदा फडफडली आणि पेटली.

सगळ्यांनी डोळे मिचकावले. लाल उजेडात काळपट वाटलेलं ट्रेतलं पाणी आता स्वच्छ दिसत होतं. ते निळं होतं. फोटोच्या पांढऱ्या कडेवरही निळसर हिरवी किनार उमटली होती.

"मोरचूद," प्रणव म्हणाला. वाडीत पानवेलीवर फवारायला मोरचूद लागतोच. त्याचा निळा डाग राऊतांच्या घरात कोणाला ओळखावा लागत नसे.

"मोरचूद, आणि आपल्या विहिरीचं पाणी," अक्षया म्हणाली. "उन्हाळ्यात ते इतकं खारं होतं की आपण आमटीत मीठ घालत नाही. मोरचुदात मीठ मिसळलं की ते फोटोतल्या चांदीला पांढरं करून टाकतं. मी डार्करूमला जारचंच गोडं पाणी वापरते. हे माझं काम नाही, मामा."

"मग कोणाचं?"

अक्षयाने सगळ्यांचे हात बघितले. मोरचुदाच्या पाण्यात लोखंड बुडालं की त्यावर तांब्याचा मुलामा चढतो, हे शाळेत प्रत्येकाने करून बघितलेलं असतं, खिळा घालून. प्रणवच्या हातात काही नव्हतं. स्टॅनीच्या मनगटावर चिमट्याचा वळ होता. मामांच्या हातात पितळी अंगठी.

काल बांगड्या भरताना आत्यांच्या घोसातली एक पिन अक्षयाला टोचली होती. गंजून काळी पडलेल्या पिना त्या. "धनुर्वात होईल, आत्या, फेका," असं ती म्हणालीसुद्धा होती.

आत्या डावा हात पदराखाली घेत होत्या. पण ट्यूबलाइट कोणाची वाट बघत नाही. बांगडीचा सगळा घोस, नव्या कोऱ्या तांब्याच्या भांड्यासारखा, लालभडक चमकत होता.

६

"सुभद्राताई?" मामांचा आवाज चिरकला. त्यांना बेड्यांची आठवण झाली असावी, त्यांनी कंबर चाचपली आणि तिथे नुसती नाडी सापडली.

आत्यांनी तबक खाली ठेवलं. पालथ्या ठेवलेल्या बादलीवर त्या नीट बसल्या, पदर सारखा केला.

"फाडायला हात धजेना," त्या म्हणाल्या. "जाळायला तर नाहीच. म्हटलं मोरचूद घालू. बुरशीला मारतो, शेवाळाला मारतो, गोगलगायी मारतो. म्हटलं बाबांना काय मारणार नाही? पाण्यात हलवत बसले. टोपी गेली, हात गेले. बरं वाटलं हो. आणि मग मिशी काही जाईना. कितीही हलवलं तरी जाईना. नुसती बघतेय माझ्याकडे. घाबरले आणि पळाले."

"पण का, आत्या?" प्रणव म्हणाला. "तू तर रोज पूजा करतेस त्यांची!"

"तो खिळा बघितलायस कधी? डावीकडे कललाय. फूल ठेवलं की डावीकडेच पडतं. नेहमीच. बाबांच्या तोंडून या घरात 'नाही'शिवाय काही येऊच शकत नाही."

प्रत्येकाला आपापला न घेतलेला फ्रिज आठवत होता.

"मग आमची लग्नं?" मामा पुटपुटले. "माझ्या ताईचं? उजवा पडला होता कौल. मी स्वतः पेढे वाटले."

"मी फ्रेमला खालून बोट लावलं होतं. आत्मारामदादाच्या लग्नाला लावलं. प्रणवच्या कॉलेजला लावलं. बोअरला लावलं. कुंकू लावायचं निमित्त करायचं आणि बोटाने उजवीकडे ढकलायचं."

"आणि तुमच्या वेळी?" अक्षयाने विचारलं.

आत्या हसल्या. "ज्याचा कौल असतो, त्याने लांब उंबऱ्याशी उभं राहायचं असतं. माझ्या वेळी बोट कोण लावणार? बदली वाड्याला झाली, नाही. माझी मैत्रीण बेला मडगावला राहायला गेली, चार दिवस ये म्हणाली, नाही. दरवर्षी म्हणते, दरवर्षी नाही. एकदा स्थळ आलं होतं. चांगला होता माणूस. फूल पडलं तेव्हा तोही उंबऱ्याशीच उभा होता."

बाहेर बँजो अगदी रंगात आला होता.

"आज तुझ्यासाठीही लावलं असतं मी बोट," आत्या अक्षयाला म्हणाल्या. "पण मग माझ्यानंतर? घरातली सून तू. जन्मभर त्या भिंतीशी तू उभी राहशील, सगळ्यांसाठी बोट लावत. म्हटलं, म्हाताराच नको. सुटेल पोरगी."

"आत्या, आळ माझ्यावर आला," अक्षया म्हणाली. रागावून म्हणायचं होतं, पण तसं निघालं नाही.

"ते डोक्यातच आलं नाही गं. मोरचूद मारताना कुठे कळतं, काय काय मरतंय." त्या उठल्या. "दार उघडलं की मी सांगते मांडवात. मी केलं म्हणून."

"सांगू नका," अक्षया म्हणाली. तिने फोटो ट्यूबलाइटखाली तिरका धरला. कोऱ्या कागदावर, बघणाऱ्याने श्वास रोखला तरच दिसेल असा, दुधी रंगाचा एक माणूस खुर्चीत बसलेला होता.

"ते गेलेले नाहीत," ती म्हणाली. "चांदी इथेच आहे, नुसती पांढरी झालीय. स्टॅनीने हायपोत टाकला असता तर विरघळून कायमचे गेले असते. डेव्हलपरमध्ये टाकला तर परत येतात."

स्टॅनी कोपऱ्यातल्या हायपोच्या ट्रेपासून सावकाश लांब सरकला.

अक्षयाकडे एका बाजूला डेव्हलपर होता आणि दुसऱ्या बाजूला हायपो. एकात आजोबा परत येणार होते, तिचं नाव स्वच्छ होणार होतं आणि ती त्या भिंतीला बांधली जाणार होती. दुसऱ्यात उलट. तिने विचारलं ते आत्यांना.

"आणू का?"

आत्यांनी बराच वेळ मिशीकडे बघितलं.

"मी," प्रणव अचानक म्हणाला, "खिळा सरळ ठोकला तर?"

सगळ्यांनी त्याच्याकडे असं बघितलं, जणू त्याने पंगतीत काहीतरी अभद्र सांगितलं. राऊतांच्या तीन पिढ्यांत हे कोणाला सुचलं नव्हतं.

"घटनास्थळाशी छेडछाड होईल," मामा दबक्या आवाजात म्हणाले. मग आत्यांकडे बघून म्हणाले, "अर्थात, मी त्या वेळी घोरत असू शकतो."

"आण," आत्या म्हणाल्या.

७

आधी टोपी आली. मग कपाळ, मग कान, एकेक करून, बोलावल्यासारखे. सदऱ्याच्या सुरकुत्या आल्या, धोतर आलं, खुर्चीच्या हातांवर हात येऊन बसले. शेवटी गाल भरून आले आणि इतका वेळ अधांतरी असलेल्या मिशीला तोंड मिळालं. रंग मात्र पूर्वीचा नव्हता. आजोबा जरा तांबूस उतरले होते, चार दिवस समुद्रावर उन्हात हिंडून आल्यासारखे.

"बरे दिसतायत," स्टॅनी म्हणाला.

फोटो हायपोत कोणी घालायचा हा प्रश्न आलाच नाही. आत्यांनी चिमटा मागून घेतला आणि वडिलांना स्वतःच्या हाताने कायम केलं.

साखरपुड्याला नवरा आणि नवरी दोघंही नाहीत, हे मांडवात सगळ्यात आधी आचाऱ्याच्या लक्षात आलं, कारण बासुंदी चाखून बघायला कोणीच येत नव्हतं. तो शोधत मागे आला आणि टोपलीत वाजणारे फोन बघून आत्मारामांना खुणेने म्हणाला, कडी काढा. आत्मारामांनी काढली. पाच घामाघूम माणसं बाहेर आली.

"आत काय करत होता?" आत्माराम ओरडले. "केळी आहेत का आत?"

"पिकलो आम्ही, बाबा!" प्रणव त्यांच्या कानात ओरडला, आणि हातोडी शोधायला घरात गेला.

मुहूर्ताला थोडा उशीर झाला. भिंतीवर फ्रेम लागली. आजोबा बघून पाहुण्यांत कुजबुज झाली, तब्येत सुधारलीय म्हणून. आत्यांनी फ्रेमच्या डोक्यावर झेंडूचं फूल ठेवलं आणि पहिल्यांदाच दोन पावलं मागे सरून उंबऱ्याशी, अक्षयाच्या शेजारी उभ्या राहिल्या. भिंतीशी कोणीच नव्हतं.

फूल पडेना.

उजवीकडे नाही, डावीकडे नाही. सरळ खिळ्यावरच्या सरळ फ्रेमवर ते नुसतं बसून राहिलं. गुरुजींनी वाट बघितली. बँजोवाल्यांनी वाट बघितली. कोणीतरी पंखा लावा म्हणालं, त्याला कोणीतरी चिमटा काढला. अशी वेळ त्या घरावर कधी आली नव्हती. दामूआजोबांना पहिल्यांदाच मत नव्हतं.

शेवटी जितेंद्रमामा पुढे झाले आणि खाकरले. "मयताची हरकत नाही," त्यांनी जाहीर केलं. "हरकत असती तर एव्हाना नोंदवली असती."

अंगठ्या घातल्या गेल्या. प्रणवने उपास सोडल्याचं उत्तम नाटक केलं. पंगतीत आत्यांनी बासुंदी मागून घेतली, आणि वाढपी पुढे गेला तर त्याला हाक मारून पुन्हा मागून घेतली.

लग्न होऊन अक्षया उमेळ्यात राहायला आली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या घरात नव्हत्या. त्यांची प्रवासी पिशवीही नव्हती. फ्रेमच्या कोपऱ्यात, काचेला खोचून, कचेरीच्या वळणाच्या टपोऱ्या अक्षरात एक अर्ज होता. अक्षयाने तो वाचला, आजोबांकडे बघितलं, आणि होता तसा परत खोचून ठेवला.

प्रति,
कै. दामोदर राऊत,
मुक्काम भिंत, उमेळे.

विषय : रजा मंजूर होण्याबाबत.

महोदय,

अर्जदार ही आपली कन्या असून आपल्या सेवेत आजवर अखंड हजर आहे. अर्जदाराने या काळात एकही रजा घेतलेली नाही. सबब साचलेली सर्व रजा एकत्र उपभोगण्यासाठी अर्जदार आजच्या गाडीने मडगाव येथे प्रयाण करीत आहे. तरी सदर रजा मंजूर करून तसे अर्जदारास आपण समक्ष भेटून कळवावे. आपली मंजुरी हाती पडेपर्यंत नियमानुसार अर्जदारास कामावर परत येता येणार नाही, याची कृपया नोंद घ्यावी, ही नम्र विनंती.